अर्ध्या खेळात राहिलेली बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे आणि फार भित्री आहे. बाहुलीने असे म्हणावे याचे तुम्हाला हसू येईल. पण माझ्या उजव्या दंडात जितक्या सुया गेल्या, तितक्या तुमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलांना मिळूनही टोचल्या नसतील. तेव्हा भिण्याचा माझा हक्क तेवढा मान्य करा.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत झाला. तिथे पडदे, चादरी आणि रुग्णांचे सदरे शिवले जात. चादरीच्या उरलेल्या कापडातून शिंपीकाकांनी मला बेतले आणि माझ्या पोटात कापूस ठासून भरला. सुई टोचता यावी म्हणून दंडात कापडाखाली रबराची बारीक नळी घातली. छातीवर टिचबटणांचे एक झाकण शिवले. आता ते माझा चेहरा काढायला बसणार, तोच मोठ्या बाईंनी त्यांना थांबवले.

"चेहरा राहू द्या काका. तो मुलं काढतील."

"बिनचेहऱ्याची बाहुली बघून पोरं घाबरतील हो, बाई."

"ती घाबरूनच आलेली असतात. तुम्ही हसरा चेहरा काढून ठेवलात, तर त्यांनी आपली भीती कुठे काढायची?"

शिंपीकाकांनी मग चेहऱ्यासाठी कापडाचे कोरे तुकडे कापून दिले. प्रत्येक मुलासाठी नवा तुकडा, मागे नाडीने बांधायचा. तेव्हापासून माझे असंख्य चेहरे झाले, आणि त्यांतले बहुतेक रडवे होते.

मोठ्या बाई एक अभ्यासक्रम चालवत. पदवी घेतलेली मुलेमुली त्यांच्याकडे पुढचे शिक्षण घ्यायला येत. ही मंडळी डॉक्टर नव्हेत, परिचारिकाही नव्हेत. रुग्णालयात राहावे लागलेल्या मुलाच्या जवळ कसे बसायचे, उद्या काय होणार ते त्याला समजेल असे आणि खरे कसे सांगायचे, आईवडिलांनी कुठे उभे राहायचे, काय बोलायचे, हे ती शिकत. वॉर्डातली मुले त्यांना खेळवाली ताई, खेळवाला दादा म्हणत. आधी वर्गात माझ्यावर सराव, मग वॉर्डात मुलांपाशी.

वर्गातल्या पहिल्याच दिवशी एका दादाने माझ्या दंडात सुई घातली आणि म्हणाला, "अजिबात दुखणार नाही हं."

"बाहेर," बाई म्हणाल्या. "तू नाही, ते वाक्य. ते वाक्य बाहेर ठेवून ये."

सगळे हसले. मी हसले नाही, मला तेव्हा तोंडच नव्हते. पण बाईंचे म्हणणे मला पटले. चिमटा काढल्यासारखे वाटेल, कुणाला जास्त, कुणाला कमी, असे कुणी सांगितले असते तर मी निदान तयारीत राहिले असते.

पुढे पुष्कळ वर्षे मी काम केले. पाहुणे आले की मला टेबलावर मांडत, माझे कौतुक होई. मग प्लॅस्टिकच्या बाहुल्या आल्या. त्यांचे डोळे उघडझाप करत, त्यांच्या छातीत दिवा लागे. मला खालच्या फळीवर ठेवले गेले. खरे सांगू, मला बरे वाटले. खालच्या फळीवर सुया येत नाहीत.

तिथून मला बाहेर काढले ते घाईने. घाई हे तिला वर्गाने ठेवलेले नाव. जीवशास्त्राची पदवी घेऊन आलेली, हुशार मुलगी. पण प्रत्येक काम वेळेच्या आधी संपवायची. "घाई, तू जेवलीस की नुसतं ताट पुसलंस?" असे तिचे वर्गबंधू तिला चिडवत. तिला वॉर्डात पहिलेच मूल मिळाले होते आणि त्या मुलाला दिव्याची बाहुली नको होती.

ते मूल म्हणजे मिरी. लहान आणि तिखट, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेले नाव. तिच्या हृदयाला एक छिद्र होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शस्त्रक्रिया करून बुजवायचे होते. मिरीने माझ्यासाठी चेहरा काढला. दोन मोठे डोळे आणि तोंडाच्या जागी एक सरळ रेघ. नाक काढले नाही. "वास नको तिला," ती म्हणाली.

घाईने छान सुरुवात केली. माझ्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, हातात नळी बसवली, मग भुलीचा मास्क माझ्या चेहऱ्यावर ठेवला. "आता ही गाढ झोपली. हिला काही कळत नाही, काही दुखत नाही. आता डॉक्टर काय करतात बघ हं," असे ती म्हणत होती, तेवढ्यात डॉक्टरांचा राऊंड आला. बघता बघता पलंगाभोवती माणसेच माणसे झाली. घाईचा तिकडे वर्गही सुरू होत होता. तिने मला उचलले आणि समोरच्या काचेच्या कपाटात आडवे ठेवले. मास्क तसाच, नळी तशीच. "मस्त झालं मिरी, उद्या भेटू," म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, तो मास्क माझ्या डोळ्यांच्या खाली घट्ट बसला होता. मी छताकडे बघत पडले होते. काचेपलीकडून मिरी माझ्याकडे बघत होती. जेवण आले तेव्हा बघत होती, दिवे मालवले तेव्हाही बघत होती. मला एकदम उमगले की ती कशाची वाट बघते आहे. ती मी उठण्याची वाट बघत होती. आणि मी उठले नाही.

सकाळी ढकलखुर्ची आली आणि मिरीने पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला. बाबांनी समजूत काढली, नवी सायकल कबूल केली. आजोबा म्हणाले, "आमची मिरी शूर आहे, शूर मुलं रडत नाहीत." ती रडतच नव्हती. आवाज न करता थरथरत होती, आणि ते रडण्याहून वाईट दिसत होते.

भूल देणारे डॉक्टर दोनदा येऊन गेले. मग त्यांनी घाईला बाजूला, नेमके माझ्या कपाटापाशी नेले. "हे बघ, आज ऑपरेशन व्हायलाच हवं. ती अशीच राहिली तर चौघांनी धरून मास्क लावावा लागेल. मला ते करायचं नाहीये. अशी धरून झोपवलेली मुलं नंतर साधं इंजेक्शनही घेऊ देत नाहीत. आणि हिला तर अजून वर्षानुवर्षं तपासायला यायचंय."

घाईचा चेहरा माझ्या कापडासारखा पांढरा झाला. ती पलंगाशी गेली आणि मास्कचे सगळे पहिल्यापासून सांगू लागली. मिरीने डोळे गच्च मिटले.

"बास करा हो," मिरीची आई म्हणाली. "काल तुम्ही दाखवून गेलात, तेव्हापासूनच हिचं हे असं झालंय. आधी बरी होती माझी मुलगी."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, पण त्या पुढे आल्या नाहीत. मला सगळे ठाऊक होते आणि माझ्या तोंडाची रेघ उघडत नव्हती. इतकी भीती मला कोणत्याच सुईची वाटली नाही.

घाईने मग एक केले, जे तिला कधी जमत नसे. ती खाली जमिनीवर बसली आणि काहीच बोलली नाही. बसूनच राहिली. ढकलखुर्चीवाले मामा घड्याळाकडे बघत होते, आजोबा खाकरत होते. शेवटी मिरीने एक डोळा उघडला.

"ती अजून उठली नाही," मिरी म्हणाली.

घाईने तिच्या नजरेमागे नजर नेली आणि तिला मी दिसले.

तिने कपाट उघडले. तिची बोटे माझ्या मास्कपाशी गेली. तो पटकन काढून, मला नीटनेटके करून न्यायचे तिच्या मनात आले असावे. पण ती थांबली. होते तशीच मला तिने मिरीच्या मांडीवर ठेवले.

"काल मी अर्धंच दाखवलं," ती म्हणाली. "हिला झोपवलं आणि उठवायचं राहून गेलं. चूक माझी. हिची नाही, तुझी तर नाहीच नाही. आता तू उठवतेस?"

मिरीने मास्क काढला. खूप वेळ माझ्याकडे पाहिले. "ऊठ," ती म्हणाली.

मी बाहुली. मी कशी उठणार?

"नाही उठत," मिरीचा आवाज बारीक झाला.

"एकदम नाही उठत. डोळे जड असतात, घसा कोरडा असतो. डोळे उघडल्यावर तिला पहिल्यांदा कोण दिसायला हवं?"

"आई."

घाईने आईकडे पाहिले. आई आधी अवघडली, मग पलंगावर बसली आणि माझ्या कापडी डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "उठलीस का गं? हे बघ, मी आहे इथे. कुठे जात नाही."

मिरीने मला हळूहळू उठवून बसवले. मग माझ्या हातातली नळी दाखवली. "ही?"

"ही उठल्यावरही राहणार. छातीवर पट्टी असेल, तिथे दुखेल. दुखलं की सांगायचं, औषध देतात."

"मग घरी?"

"आज नाही. बरं वाटायला लागलं की."

"मी उठेन ना?"

बाबांनी तोंड उघडले, पण घाईने आधी उत्तर दिले. "भूल देणारे डॉक्टर तुला सोडून एक मिनिटही कुठे जाणार नाहीत. तुला उठवणं हेच त्यांचं काम आहे. आणि ते हे काम रोज करतात."

मिरीने कठडा सोडला. भीती गेली नव्हती, तिचा घामेजलेला हात माझ्या मानेभोवती होता, मला पक्के माहीत आहे. पण ती स्वतःच्या पायांनी खुर्चीत बसली.

"दोन पेशंट?" ऑपरेशनच्या खोलीत भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे कागद एकीचाच आहे."

"ही बघायला आलीय," मिरी म्हणाली. मास्क तिने स्वतः धरला. कुणीही तिला धरले नाही. तिची बोटे सैल पडली, तेव्हा एका परिचारिकेने मला उचलून बाहेर आईकडे दिले.

आईने मला इतके आवळले की माझी एक शिवण उसवली. घाई शेजारी बसली होती. सगळे नीट होईल असे ती एकदाही म्हणाली नाही. पाणी आणून दिले, आणि मग ऑपरेशनच्या खोलीचे दार उघडेपर्यंत उठली नाही. दार उघडले. डॉक्टर मानेनेच हो म्हणाले.

मिरीने डोळे उघडले तेव्हा मी तिच्या उशाशी होते. आई ठरलेले सगळे विसरली. तिला बोलताच येईना, नुसते हुंदके. मिरी कोरड्या ओठांनी पुटपुटली, "आई, मी आहे इथे."

मित्रांनो, मी आजही भिते. मास्क जवळ आला की माझा कापूस गोळा होतो. पण माझी एक विनंती आहे. कुठल्या वॉर्डात, कुठल्या खेळघरात एखादी बाहुली अर्ध्या खेळात टाकलेली दिसली, तर पुढे जाऊ नका. तिच्या तोंडावरचा मास्क काढा आणि तिला उठवून बसवा. समोरच्या पलंगावरून कुणीतरी बघत असते.