विशेष बाब नको

डिंक्यानं तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, दाराकडे धावला, परत आला आणि पुन्हा पंजा ठेवला. म्हणजे बेल वाजत होती. तिनं खळीचा ब्रश वाटीत टाकला, हात पुसले आणि दार उघडलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी. ते काहीतरी बोलत होते, पण त्यांच्या भरघोस मिशांमुळे त्यांचे ओठ वाचणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं दारामागे टांगलेली वही पुढे केली. त्यांनी लिहिलं, ‘इमारतीत प्राणी पाळायला बंदी आहे. तक्रार आली आहे. कुत्रा पंधरा दिवसांत हलवा.’

“हा पाळलेला नाही,” ती म्हणाली. “हे माझे कान आहेत.”

ऐकू येणं बंद झालं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, त्यामुळे बोलणं शाबूत होतं; फक्त आवाज किती मोठा निघतोय ते कळायचं नाही. आताही तो जिनाभर घुमला असावा. समोरच्या वहिनींचं दार किलकिलं झालं आणि लगेच लागलं.

ती ग्रंथालयाच्या बाइंडिंग विभागात कामाला होती. सुटलेली पानं शिवायची, पाठीला कापड चिकटवायचं, पुठ्ठे चढवायचे. मेंदूज्वरानं कान नेले, पण हातांना धक्का लागला नव्हता. कामावर तिचं कुणावाचून अडत नसे. अडायचं ते घरी. सकाळी गजर कळायचा नाही, दाराशी आलेला माणूस कंटाळून निघून जायचा. एकदा नळ उघडा राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी टपकलं. तेव्हा याच सेक्रेटरींनी वहीत लिहिलं होतं, ‘एकटीनं राहणं झेपत नसेल तर भावाकडे जा.’

नऊ वर्षं तिला सांभाळलं ते समोरच्या वहिनींनी. दवाखान्यात फोन करायचा तर वहिनी, गॅसवाल्याला हाक मारायची तर वहिनी. सातव्या वर्षी तिनं बहिऱ्यांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या प्रशिक्षण संस्थेत नाव घातलं, दोन वर्षं वाट पाहिली आणि हा तपकिरी कुत्रा आला. सारखा चिकटून असायचा म्हणून डिंक्या.

भावाचा मेसेज आला, ‘कशाला वाकडं घेतेस सगळ्यांशी? परत देऊन टाक.’ तिनं उत्तर पाठवलं, ‘तुझे कान दे, मग देते.’ आणि या तक्रारीवर सोसायटीनं बोलावलेल्या सभेची तयारी करायला बसली.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. तिनं प्रत्येकाच्या हातात संस्थेचं प्रमाणपत्र आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यातल्या कलमाची प्रत ठेवली. डिंक्या तिच्या पायाशी बसला.

“एक विनंती आहे,” ती म्हणाली. “एका वेळी एकानंच बोलायचं, माझ्याकडे तोंड करून. नाहीतर सभा माझ्यावर होईल आणि मीच तिच्यात नसेन.”

कुणीतरी हसलं, कुणी मान फिरवली. पण सगळे तिच्याकडे तोंड करून बसले. सेक्रेटरी वहीत लिहून दाखवू लागले. ‘नियम सगळ्यांना सारखा. उद्या प्रत्येक जण कुत्रा आणेल.’

“आणू देत. त्याच्याकडे असे कागद असले तर आणू देत.”

‘ज्यांनी तक्रार केली त्यांचं काय?’

“त्यांनी समोर येऊन बोलावं.”

मग वहिनी उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ तिला पाठ होते.

“मी केली तक्रार,” वहिनी म्हणाल्या. “केस येतात जिन्यात. आणि कशाला हवं ते कुत्रं? मी मेले होते का? नऊ वर्षांत एकदा तरी नाही म्हटलं तुला?”

इतके दिवस तिला वाटत होतं, तळमजल्यावरचा कुणीतरी असेल.

“नाही, कधीच नाही म्हणाला नाहीत,” ती हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाली. “पण दर वेळी तुमची बेल दाबली की तुमच्या कपाळावरची आठी मला दिसायची. कान गेलेत वहिनी, डोळे नाही. जिना मी रोज झाडीन. पण घरातला नळ बंद करायला मला कुणाच्या सवडीची वाट बघायची नाही.”

वहिनी खाली बसल्या. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

अर्ध्या तासानं सेक्रेटरींनी ठराव लिहून तिच्यापुढे सरकवला. ‘माणुसकीच्या दृष्टीने, विशेष बाब म्हणून, कुत्रा ठेवण्यास परवानगी.’ लोक उठायला लागले होते. तिनं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“यावर मी सही करणार नाही.”

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. ‘आता काय?’

“माणुसकी आणि विशेष बाब, दोन्ही खोडा. आज तुम्हाला माणुसकी आली, उद्या नवे सेक्रेटरी आले की जाईल. हक्क आहे म्हणून, असं लिहा. आणि कुत्रा नको, सहाय्यक श्वान.”

‘अहो बाई, अर्थ एकच!’

“मग लिहायला काय हरकत आहे?”

उठलेले लोक पुन्हा बसले. सेक्रेटरींनी तिच्याकडे, मग डिंक्याकडे पाहिलं, पान फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. तिनं शब्द न् शब्द वाचून सही केली.

सोमवारी संध्याकाळी ती डिंक्यासह कामावरून परतली, तर दाराच्या कडीला एक किल्ली दोऱ्यानं बांधलेली होती. तिच्याच घराची. इतकी वर्षं वहिनींकडे असलेली. सोबत चिठ्ठी नव्हती.

तिनं दोरा सोडला आणि समोरची बेल दाबली. ती वाजली की नाही हे तिला कळणार नव्हतं. पण डिंक्यानं कान टवकारले आणि तो वहिनींच्या दाराकडे एकटक बघत राहिला. दारामागे कुणीतरी येऊन उभं होतं.

“वहिनी,” ती बंद दाराला म्हणाली, “मला गरज आहे म्हणून नाही. तुमच्याकडे असावी म्हणून.”

तिनं वाकून किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली. थोडा वेळ उभी राहिली. दार उघडलं नाही, किल्लीही परत बाहेर आली नाही. मग तिनं आपलं घर उघडलं आणि चपला काढून डिंक्याच्या भांड्यात पाणी ओतायला गेली.