पाठीमागचा ताण

बरकतपुऱ्यातल्या व्यायाम-केंद्राच्या भिंतीवर सात खुंट्या होत्या. पाचांवर पाच नवे पट्टे, सहावीवर कुणाची तरी विसरलेली छत्री आणि सातवीवर मी. मी माणसांना चालायला मदत करणारा एक जुना पट्टा आहे. मला एक बकल आणि चार मुठी आहेत. पाठीमागच्या मुठीला दुहेरी शिवण आहे.

मित्रांनो, माझा जन्म नामपल्लीत, बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडे झाला. मेंदूकडून पायांकडे निघालेला निरोप ज्यांच्या वाटेत अडखळतो, त्यांच्या कमरेला मला बांधतात. असा आजार हळूहळू वाढत जातो. व्यायामाने तो जात नाही, पण तोल सावरायला मदत होते आणि चालणे जास्त दिवस टिकते. पूर्वी केंद्रात सगळे आधी मला मागत. मऊ अस्तराचे पट्टे आले आणि मी खुंटीवर राहिलो. मग फिजिओथेरपिस्ट त्रिवेणीने मला कुसुमताईंच्या घरी दिले.

कुसुमताईंना कंपवात आहे. गेल्या थंडीत त्या बाथरूमच्या दारात मागे पडल्या आणि डोक्याला टाके पडले. त्यांचे यजमान एकनाथराव तेव्हा फोन घ्यायला वळले होते. त्या दिवसापासून ते माझी मूठ दोन्ही हातांनी धरतात. धरताना त्यांची नखे पांढरी होतात.

"अहो, मी दावणीची म्हैस आहे का?" कुसुमताई म्हणत.

"पडलीस तर?"

"ओढता म्हणून तर पडेन."

"हौ, आता माझंच चुकतंय."

ताईंचे बरोबर होते. पाऊल उचलण्याआधी शरीराचा भार पुढे आणि एका बाजूला जावा लागतो. एकनाथराव तोच भार मागे ओढत. मग ताईंच्या टाचा फरशीला चिकटल्यासारख्या होत. दोघांच्या मधला तो ताण रोज माझ्या शिवणीत उतरत होता, पण पट्ट्याला बोलता येत नाही.

अशात त्यांची मुलगी शिल्पा हिचा पुण्याहून फोन आला. पलंगाजवळ ठेवायची कमोडची खुर्ची तिने मागवली होती. सोमवारी ती येणार होती.

"देव्हाऱ्याच्या खोलीत ती खुर्ची नक्को," कुसुमताई म्हणाल्या. "मी चालत जाईन." एकदा खुर्ची आली की आपल्याला कुणी चालू देणार नाही, हे त्यांना माहीत होते.

शनिवारी त्रिवेणी आली. सगळे ऐकून तिने विचारले, "काका, विमानाच्या बॅगा तोलायचा काटा आहे?"

शिल्पाचा काटा कपाटात होता. ओढताना जितके जास्तीत जास्त वजन पडेल, तिथेच त्याची लाल सुई थांबून राहते. त्रिवेणीने काट्याचा हूक माझ्या मागच्या मुठीत अडकवला आणि काट्याचा दांडा एकनाथरावांच्या हाती दिला. "रोजच्यासारखं धरा."

पलंगापासून बोळापर्यंत ताईंची पावले वीतभरच पडली. लाल सुई अकरा किलोवर थांबली.

एकनाथरावांनी चष्मा पुसून पाहिले. "काटा बिघडलाय."

"शिल्पाच्या बॅगेला तर बरोबर होता," ताई म्हणाल्या.

"एवढं ओझं मागे बांधून तुम्हीच चालून दाखवा, काका," त्रिवेणी म्हणाली. "सुई दोन किलोच्या आत राहिली आणि काकू बाथरूमच्या दारातून गेल्या, तर खुर्ची नको म्हणून मीच शिल्पाला सांगते. मी बाजूलाच आहे, पडू देणार नाही."

तिने सुई शून्यावर आणली.

मित्रांनो, मला बांधताना घट्ट बांधा, पण धरताना हात सैल ठेवा. पडणाऱ्याला सावरायला मी आहे. चालणाऱ्याला अडवायला मला वापरू नका.

बोळ ओलांडताना मी एकदाही ताणला गेलो नाही. बाथरूमच्या दारात ताईंचे पाय थांबले. कंबर किंचित मागे झुकली, आणि मागे काट्याच्या दांड्यावर एकनाथरावांच्या मुठी आवळल्या गेल्या. त्रिवेणीचे तळवे ताईंच्या पाठीपासून दोन बोटांवर होते.

"कुसुम..."

"बोलू नका," ताई म्हणाल्या.

"आरामसे, काकू. पुढे जाऊ नका अजून," त्रिवेणी म्हणाली. "आधी भार डाव्या पायावर. आला? आता उजवा, लांब टाका."

ताईंची कंबर डावीकडे सरकली. मागे एकनाथरावांनी आवळलेल्या मुठी सैल केल्या. काटा आणि मी यांच्यात झोळ पडला. उजवा पाय उचलला गेला, दारापलीकडे पडला. मग डावा. ताईंनी भिंतीवरचा दांडा धरला.

त्रिवेणीने काटा सोडवून उजेडात धरला. लाल सुई एक किलो चारशे ग्रॅमवर होती.