कोरडा ओटा

“आई, या शर्टाला पुन्हा फोडणीचा वास येतोय!” संजू दारातूनच ओरडला. “कंपनीत हसतात मला लोक.”

मंजुळाबाईंनी मान वर केली नाही. एक भाकर तव्यावर फुगत होती, दुसरी हातावर थापली जात होती. “बाहेर तारेवर दुसरा वाळू राहिला, तो घाल.”

“त्यालाही येतोय.”

“मग मी काय करू? बिनफोडणीचं वरण वाढू पोरांना?”

संजूने तोच शर्ट घातला आणि तो कंपनीची बस पकडायला निघून गेला.

सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात फोडणीपासून सुटलेली एकही वस्तू नव्हती. स्वयंपाकघर आतल्या खोलीत होतं म्हणायचं, पण ते कधीच बाहेरच्या खोलीत पसरलं होतं. दिवाणाखाली कांद्याची पोती, देव्हाऱ्याला टेकून तेलाचे डबे, खिडकीत लाल मिरच्यांचं सूप. आत तर पाय ठेवायलाही जागा शोधावी लागे. ओट्यावर परात, पातेली, झाकणं, ओली फडकी यांची अशी दाटी असायची की चहाचा कप ठेवायचा तर आधी काहीतरी उचलून जमिनीवर ठेवावं लागे. शेगडीमागची भिंत एकेकाळी हिरवी होती. कांदा-खोबरं भाजून काळा मसाला करायचा दिवस असला की शेजारपाजारचे खोकत दारं लावून घेत. झुरळं निघत. मंजुळाबाई त्यांना चपलेने मारत, हात धूत आणि पुन्हा पिठात हात घालत.

शिरपूरकडच्या एका गावातून त्या लग्नानंतर सिल्वासाला आल्या, त्या नवऱ्याच्या, म्हणजे आबांच्या मागे. आबा धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. त्या मशीनच्या घरघरीने आबांचे कान गेले, पुढे कामही गेलं. तेव्हा शेजारच्या खोलीत गावाकडची दोन पोरं भाड्याने राहायची. त्यांच्यासाठी मंजुळाबाईंनी चार भाकरी जास्त टाकायला सुरुवात केली. त्या पोरांनी मित्र आणले, मित्रांनी भाऊ आणले. धुळ्याची, साक्रीची, नंदुरबारची पोरं. कोणी फर्स्ट शिफ्टला, कोणी नाइटला. एक पंगत उठली की दुसरी दारात उभी. या सगळ्यात संजू पिठाच्या पिंपावर बसून अभ्यास करायचा, कारण घरातला चांगला दिवा नेमका त्यावर होता. त्याने डिप्लोमा केला, नरोलीच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला. आणि मग त्याच्या नाकाला फोडणीचा वास येऊ लागला.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. एरवी तो तिथे थांबत नसे.

“आई, एक मुलगी आहे. गौरी. तिचे वडील इथल्या शाळेत शिक्षक आहेत, रघुनाथ सर. मूळचे सावंतवाडीचे. रविवारी घर बघायला येतायत.”

मंजुळाबाईंचा हात पिठातच थांबला. “मग आधी नाही सांगायचं का रे? मी शेवभाजी करते, मांडे करते—”

“काही करू नको. जेवण मी हॉटेलातून आणतो. तू फक्त एक कर. त्या दिवशी मेस बंद ठेव. आणि हे सगळं...” त्याने हात फिरवला. तो हात पोत्यांवरून, पातेल्यांवरून, भिंतीवरून आणि मग नकळत आईच्या पदरावरूनही फिरला. “हे जरा आवर.”

त्याचं मंजुळाबाईंना वाईट वाटलं नाही. पोराचं लग्न ठरतंय म्हटल्यावर घर आवरायला कोण नाही म्हणेल? त्यांनी येईल त्या पोराला सांगितलं, रविवारी मेस बंद. शनिवारी शेवटची पंगत उठल्यावर त्यांनी सोडा घालून भिंत घासली. पोती शेजारी ठेवली, मोठी पातेली मोरीत लपवली. सकाळी ओट्यावर नवीन कापड अंथरलं आणि वर काचेचे सहा ग्लास मांडले. आबा दारात येऊन म्हणाले, “आपलंच घर का हे?” त्या लाजल्यासारख्या हसल्या.

पाहुणे आले. रघुनाथ सर कमी बोलणारे होते. त्यांची बायको रजनीताई मात्र सगळीकडे नीट नजर टाकत होत्या. गौरी गोड मुलगी होती, तिने वाकून नमस्कार केला आणि ती सरळ आत येऊन मंजुळाबाईंना म्हणाली, “काही मदत करू?” त्या तिला नको म्हणत होत्या, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात भगवंत उभा होता. साक्रीकडचा, चाळिशीतला माणूस, मेसमधला सगळ्यात जुना. नाइट संपल्यावर बदली कामगार आला नाही म्हणून त्याला पुढची शिफ्टही करायला लावली होती. बंदचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. डोळे तांबारलेले, केसांत धाग्याचा पांढरा भुगा.

“मावशी, लय भूक लागली. असंन ते वाढ.”

मंजुळाबाई काही बोलायच्या आत संजू बाहेरच्या खोलीतून आला. त्याने भगवंतला ओळखलं. दिवाळीला याच भगवंतने लहान संजूला खांद्यावर बसवून दमणगंगेच्या पुलापर्यंत नेलं होतं. संजूने एकदा मागे पाहिलं. रजनीताई मान उंचावून आत बघत होत्या.

“कोण पाहिजे तुम्हाला?” संजू म्हणाला. “इथं मेसबिस काही नाही. घर चुकलंय तुमचं.”

भगवंतने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मंजुळाबाईंकडे पाहिलं. शेगडीपाशी डब्यात रात्रीच्या दोन भाकरी होत्या. त्यांचा हात डब्याच्या झाकणावरच होता. त्या तो उघडू शकल्या असत्या. ‘ये, बस’ एवढे दोन शब्द तर म्हणू शकल्या असत्या. त्यांनी नजर खाली घातली.

“हां,” भगवंत म्हणाला. “चुकलं असंन.” आणि तो गेला. जाताना त्याने दार स्वतःच ओढून घेतलं.

बाहेर रजनीताईंनी विचारलं, “असे लोक येतात का हो इकडे?”

“पूर्वी आई हौसेने द्यायची कुणाकुणाला जेवायला,” संजू म्हणाला. “आता सगळं बंद केलंय.”

लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर घरात भांडण झालं, म्हणजे मंजुळाबाई एकट्याच बोलत राहिल्या. “अरे, तो भगवंत होता! दोन पाळ्या उभा राहून आला होता तो. तू त्याला घर चुकलं म्हणाला?”

“मग काय सांगू? माझी आई मजुरांना जेवू घालते? आई, मी तिथं पंचवीस माणसांवर आहे. त्यातले चार तुझ्याकडे जेवतात. माझ्यासमोर तुझ्या भाजीत मीठ कमी होतं म्हणून सांगतात. मला कसं वाटत असेल?”

“त्यांच्याच भाकरींवर तू शिकला.”

“माहीत आहे! रोज माहीत आहे मला. या घरात श्वास घेतला तरी ते माहीत होतं.” त्याचा आवाज फाटला. “मला एकदा तरी साध्या घरात राहायचंय. लोकांच्या घरासारख्या.”

मंजुळाबाईंनी आबांकडे पाहिलं. आबांना किती ऐकू आलं कोण जाणे, पण ते हात उंचावून म्हणाले, “जाऊ दे, मंजुळा. बस झालं आता. पोराचं ऐक.”

आबांनीच असं म्हटल्यावर मंजुळाबाईंनी मेस कायमची बंद केली.

पोरं गल्लीच्या पलीकडे सोनीकडे जाऊ लागली. सोनी नवापूरकडची, अजून तिशीही न गाठलेली. तिने नुकतीच मेस सुरू केली होती. मंजुळाबाईंची मोठी पातेली संजूने भंगारवाल्याला दिली. भिंतींना पांढऱ्या टाइल्स लागल्या, ओट्यावर काळा दगड आला, शेगडीवर चिमणी बसली. बाजारात भावेश किराणावाल्याच्या दुकानी त्या पीठ घ्यायला गेल्या तेव्हा तो काटा थांबवून म्हणाला, “मंजुळाबेन, बस आटलुंज? एवढंच?”

“एवढंच. आता घरचेच आहेत.”

त्याच बाजारात एकदा त्यांना भगवंत दिसला. केळी घेत होता. त्या घाईघाईने जवळ गेल्या. “भगवंता, त्या दिवशी रे... पाहुणे होते. पोराच्या तोंडून निघून गेलं.”

“नाही मावशी,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “बरोबर बोलला तो. घर चुकलंच होतं माझं.” त्याने केळ्यांची पिशवी उचलली, “निघतो, ड्यूटी आहे” म्हणाला आणि निघाला. त्याने शिवी दिली असती तर मंजुळाबाईंना बरं वाटलं असतं.

लग्नानंतर गौरी नीट वागत होती. सकाळी चहा करी, स्वतःचा डबा भरी, कप विसळून जागच्या जागी ठेवी आणि बँकेतल्या नोकरीवर जाई. रात्री वरणभात व्हायचा. ओटा दिवसभर कोरडा असायचा. मंजुळाबाई उगाच तो पुसत. मेस बंद झाली की पाठ दुखायची थांबेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती आता जास्तच दुखायला लागली.

थंडी सरता सरता संजूला वापीला चांगली नोकरी लागली. कंपनीजवळ फ्लॅट मिळत होता.

“आपण कधी जायचं?” मंजुळाबाईंनी विचारलं.

संजू चपलेचा बंद नीट करत राहिला. “आई, तो छोटा आहे. एकच बेडरूम. शिवाय आबांना इथलं सवयीचं आहे.”

“मग या टाइल कोणासाठी लावल्या रे?”

“तुझ्यासाठीच ना. आता आराम कर.”

सामान बांधताना गौरी त्यांच्यापाशी येऊन बसली. बराच वेळ ती एका खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. मग म्हणाली, “आई, मला मेसचं आधीपासून माहीत होतं. त्याच्या शर्टाला वास यायचा. मला आवडायचा तो. मी कधी बंद करा म्हटलं नव्हतं.”

“नाही म्हटलं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “चालू ठेवा असंबी नाही म्हटलं.”

गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुळाबाईंनी तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि दोरीने आवळून दिलं, कारण तिला गाठ मारता येत नव्हती.

टेम्पो गेल्यानंतरचे काही दिवस आबा झोपून असत आणि त्या ओट्यासमोर स्टूल घेऊन बसत. दोघांचा स्वयंपाक हां हां म्हणता उरके. एका दुपारी त्या उठल्या, पदर खोचला आणि गल्ली ओलांडून सोनीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सोनीचं घर म्हणजे नुसता गोंधळ होता. पोरगं कडेवर, कुकरची शिट्टी चाललेली, मोरीत ताटांचा ढीग, एका बाजूला तव्यावरची भाकर करपून तिचा धूर वर चढतोय. मंजुळाबाईंना पाहून ती गडबडली. तिला वाटलं, भांडायलाच आल्या.

“मावशी, मी नव्हतं बोलवलं त्यांना. तेच आले—”

“भाकर जळू राहिली, ती काढ आधी,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मला जागा दे. पोराला पाज तू.”

“पण मावशी, तुम्ही माझ्याकडे...”

“हात रिकामे आहेत माझे. दे इकडे परात.”

सोनी बाजूला झाली. मंजुळाबाई खाली बसल्या. पीठ नीट मळलेलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा हात घेतला आणि ते पुन्हा मळायला घेतलं. त्यांची बोटं दुखत होती, पण थांबत नव्हती. बाहेर दुपारची पंगत बसली. ओळखीचे आवाज येत होते, कोणी पाणी मागत होतं, कोणी सुपरवायझरला शिव्या देत होतं. मध्ये फक्त एक जुना पडदा होता. मंजुळाबाई पडद्याआडून बाहेर आल्या नाहीत.

नवीन आलेला एक कामगार ताट घेऊन भाकरीसाठी आत डोकावला. त्याने या म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं.

“सोनीताई, ह्या कोण?”

सोनी पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “ह्या ना, ह्या आमच्या...”

“कामाला आहे,” मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी तव्यावरची भाकर उचलून त्याच्या ताटात टाकली. “गरम आहे, सांभाळून धर.”

आणि त्यांनी पुढचा गोळा हातात घेतला.