तेरा दात्यांचा शाफ्ट

बर्फाच्या कारखान्यातल्या क्रेनची मोटर मंगळवारी जळाली आणि बुधवारी सकाळी दाजी दुसरी मोटर टेम्पोत घालून थेट टर्नरच्या दारात आले. दाजी म्हणजे टर्नरच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कारखान्याचे मालक. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकणाऱ्याकडून त्यांनी ती मोटर उचलली होती. ताकद हवी तेवढी होती, वेगही जुळत होता. घोडं अडलं होतं ते शाफ्टपाशी, मोटरीच्या फिरत्या दांड्यापाशी. नेहमीच्या मोटरीचा शाफ्ट गोल, गुळगुळीत असतो. त्याला एक खाच आणि खाचेत चावी, म्हणजे लोखंडाची पट्टी. ह्या शाफ्टला सगळीकडून उभे दाते होते. टर्नरने ते बोटाने मोजले. तेरा भरले. विश्वास बसेना, म्हणून एका दात्यावर खडूची खूण करून पुन्हा मोजले.

"सहा असतात, आठ असतात, दहा असतात," तो म्हणाला. "तेरा कुणी पाडले कोण जाणे. याला क्रेनशी जोडणारं कपलिंग बाजारात मिळायचं नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आणलं."

"चार दिवस लागतील, दाजी. कपलिंगच्या आत तसेच तेरा गाळे कापावे लागतील. एकेक करून."

"चार दिवस? टाकीत बर्फ तयार होऊन बसलाय, दारात मासळीच्या गाड्या उभ्या आहेत. वर एक नळी चढव आणि वेल्डिंग मार. दुपारपर्यंत होईल."

"शाफ्ट वरून कडक केलेला आहे. वेल्डिंग मारलं की त्या जागी काचेसारखा होतो. कधी तुटेल सांगता यायचं नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. दाजी त्यांच्याकडे बघून हसले. "आमच्या मेहुण्यांचं हे असंच. नाचता येईना अंगण वाकडं. वडिलांचा लेथ आयता मिळाला म्हणून टर्नर झाले, नाहीतर कुणी झाडू मारायलाही ठेवलं नसतं."

गिऱ्हाइकं हसली. टर्नरच्या कानशिलांना आग लागली.

आणखी एक गोष्ट त्याच्या अगदी ओठांवर आली होती. त्या क्रेनचा ब्रेक मोटरीच्या मागच्या टोकाला होता. क्रेनची दुरुस्ती त्यानेच दोनदा केली होती, त्यामुळे त्याला ते पक्कं ठाऊक होतं. मधला जोड तुटला तर ब्रेक मोटरीला धरून ठेवेल, पण हुकाला धरायला काहीच उरणार नाही. वजन तसंच्या तसं खाली येईल. हे दाजींना माहीत नव्हतं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"मग वेल्डरकडे न्या," तो म्हणाला आणि लेथकडे वळला.

वेल्डर दोन गल्ल्या सोडून होता. हाताचा चांगला, कामाचा चोख. दाजींनी त्याला सांगितलं, "माझ्या मेहुण्याने सगळं बघितलंय, तू फक्त जोड." त्याने जोडून दिलं.

गुरुवारी क्रेन चालली, शुक्रवारीही चालली. शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. "तुझ्यावाचून अडलं नाही हो आमचं," ती हसून म्हणाली. तोही हसला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की जोड टिकला याचं आपल्याला वाईट वाटतंय. त्याला स्वतःची लाज वाटली. उद्या जाऊन ब्रेकचं सांगून यावं, असं त्याने ठरवलं.

शनिवारी सकाळी दुकानात एकामागून एक कामं आली. दुपारी जाऊ, असं म्हणत तो थांबला.

साडेदहाच्या सुमारास क्रेनने आठ डबे उचलले. एकेका डब्यात दीडशे किलोची लादी. त्यातला एक डबा तिरका लटकला. कामगार तो सरळ करायला पुढे सरकला, तेव्हा दाजींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "तुला जमायचं नाही, बाजूला हो," असं म्हणत ते स्वतःच खाली वाकले. काठी मोडावी तसा आवाज झाला आणि आठही डबे त्यांच्यावर आले. हॉस्पिटलच्या वाटेवरच ते गेले.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी तुटलेला जोड पिशवीत घातला, कुणी केला ते विचारलं आणि वेल्डरच्या दुकानाला सील लागलं. दुसऱ्या दिवशी वेल्डर टर्नरकडे आला. बाहेरच उभा राहिला.

"तू बघितलं होतंस म्हणाले."

"बघितलं होतं. वेल्डिंग नको म्हणून सांगितलं होतं."

"मला तसं कुणी बोललं नाही." वेल्डरने रुमालाने मान पुसली. "ब्रेक मोटरीवर आहे हे कळतं तर मी हात लावला नसता. क्रेन मी पाहिलेलीच नाही. तू तर पाहिली होतीस."

टर्नरने मान खाली घातली. वेल्डर निघून गेला.

चौथ्या दिवशी टर्नर कारखान्यात गेला. ताई दाजींच्या खुर्चीत बसून मासळीवाल्यांचे फोन घेत होती. तिने फोन ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "ताई, ब्रेकचं मला माहीत होतं."

"कसलं?"

त्याने एका हाताची मोटर केली, दुसऱ्या हाताचा हुक केला आणि समजावलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मग बोलला का नाहीस?"

"चारचौघांत हसले मला."

"ते सगळ्यांनाच हसायचे. मला पंचवीस वर्षं हसले." तिने टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "आज कशाला सांगतोयस?"

"सगळं वेल्डरवर येतंय."

"म्हणजे त्याच्यासाठी सांगितलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"साहेबांपुढे जाऊन हेच सांग," ती म्हणाली. "आणि जहाजाच्या सामानवाल्याकडे त्या मोटरीची जोडीदार आहे, ती मी मागवली आहे. नवी यायला दोन महिने म्हणतात. इथे सोळा माणसं हात बांधून बसलीत. तुझ्या पद्धतीने करून दे."

"तसलीच मोटर?"

"मोटरीने काय केलंय?"

त्याने साहेबांपुढे जबाब लिहून दिला. वेल्डरचं दुकान महिन्याने उघडलं, पण वेल्डर त्याच्याशी पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या मोटरीचा शाफ्टही तसाच निघाला, तेरा दात्यांचा. एका फेऱ्याचे तेरा सारखे भाग पाडणं अवघड. कुठल्याच मापात ते नीट बसत नाहीत. टर्नरने लेथचं पासष्ट दात्यांचं चाक काढून स्पिंडलवर, काम फिरवणाऱ्या दांड्यावर, चढवलं. दर पाचव्या दात्याला अडकवलं की बरोबर तेरावा भाग. मग हत्यार आडवं बांधून हाताने पुढे-मागे ढकलत तो आतले गाळे खरवडू लागला. एकेका गाळ्याला दीडशे-दोनशे फेऱ्या. खांदे भरून आले, तळव्याला फोड आले. चारच दिवस लागले. त्यानंतर त्याने हुकाचा दोर गुंडाळणाऱ्या ड्रमवर दुसरा ब्रेक बसवला. तो कुणी सांगितला नव्हता.

चाचणीच्या दिवशी ताईने सगळ्यांना बाहेर काढलं आणि बटण स्वतः हातात घेतलं. आठ भरलेले डबे तासभर हवेत ठेवले. डबे तसूभरही हलले नाहीत.

"कामाला लागा," ती माणसांना म्हणाली.

टर्नरने हत्यारं पिशवीत भरली. दारात थांबून सवयीने म्हणाला, "येतो, ताई."

"जा," ती म्हणाली.

आता दर सहा महिन्यांनी कारखान्याचा मुकादम फोन करतो, ताई बाहेरगावी असेल तो दिवस सांगतो. टर्नर जाऊन कपलिंग उघडतो, दाते पुसून बघतो, ग्रीस भरतो आणि मागच्या दाराने परत येतो.