शंभराच्या खालचा आकडा

संध्याकाळी सव्वासहा वाजता जयराम माझ्यावर उभा राहिला. सुई शंभराच्या जराशी खाली थांबली. ती त्याने पाहिली की नाही, मला माहीत नाही. पुढच्याच क्षणी तो कोसळला आणि त्याचं उजवं मनगट माझ्या लोखंडी कडेवर आपटलं.

मित्रांनो, मी एक घरगुती वजनकाटा आहे. जुना, स्प्रिंगवर चालणारा, गोल तबकडीचा. सध्या कुवेतमध्ये, अम्गरा नावाच्या भंगारबाजारात पडून आहे. मला कोणाची दया नको. मला राग आला आहे, आणि तो कशाचा ते क्रमाने सांगतो.

कारखान्यात माझा पत्रा ठोकला, वर रबर चिकटवलं आणि शेवटी माझ्यावर वजनं ठेवून पाहिली. आकडा बरोबर आला तेव्हाच मला खोक्यात घातलं. तेव्हापासून मला एकच काम येतं. अंगावर जे उभं राहील ते किती जड आहे, एवढंच मी सांगतो. तो जडपणा चरबीचा आहे की पाण्याचा, हे मला कळत नाही. माणूस बरा आहे की आजारी, हे तर मुळीच कळत नाही. हे लक्षात ठेवा. पुढे सगळे नेमकं हेच विसरले.

१९९६ साली फहाहीलच्या बाजारातून सुहासिनीबाईंनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान जयप्रकाश नाशिकचे. शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. त्यांचं पोट दर वर्षी वाढत होतं. ते माझ्यावर चढले की धाकटी लेक जुईली दारातून ओरडायची, "बाबा, यू ब्रोक इट!" मग ते महिनाभर माझ्याकडे फिरकत नसत.

त्यांना मधुमेह निघाला. घराबाहेर ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं. मराठी मंडळात चर्चा नको, ऑफिसात तर नकोच. २००३ मध्ये त्यांनी भात, पोळी, बटाटा आणि साखर बंद केली. अंडी, मासे, पनीर, पालेभाज्या सुरू केल्या. वजन उतरलं. साखरही उतरली. मी खोटं बोलत नाही; त्या आहाराने त्यांचं भलंच झालं. पण ते भलं त्यांच्या एकट्याच्या जिवावर झालं नव्हतं. कुवेत सिटीतले डॉक्टर त्यांचं रक्त सारखं तपासत होते, आणि त्यांनी गोळी निम्म्यावर आणली होती.

"अहो, अर्धीच गोळी हं," सुहासिनीबाई रोज सांगायच्या. "पोटात भात नाही, आणि वर अख्खी गोळी घेतलीत तर साखर एकदम खाली जाईल. चक्कर येऊन पडाल."

"रोज काय तेच तेच? पाठ झालंय मला," जयप्रकाश म्हणायचे.

हे बोलणं न्हाणीघराच्या दाराशी व्हायचं. मी तिथेच असायचो.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. घरी पाहुणे आले की जयप्रकाश त्यांना थेट न्हाणीघरात आणत आणि माझ्यावर चढून दाखवत. "काही नाही हो, फक्त मनाचा निग्रह!" गोळीचा उल्लेख कधीच नाही. लोक टाळ्या वाजवत. मीही फुशारलो, हे कशाला नाकारू? पण वर्षभरात बॅटरीवरचा, डिजिटल आकड्यांचा नवा काटा आला आणि मी पलंगाखाली गेलो.

२००४ च्या गणपतीत जयराम त्यांच्याकडे मखर बांधायला आला. तो कुडाळकडचा. शुऐबालाच एका ठेकेदाराकडे परांची बांधायचं काम करी. बायको रत्नमाला आणि लेक गावी. मखर उभं राहिल्यावर तो जयप्रकाशांना म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. सेफ्टीवाल्या मजीदभाईंनी सांगितलंय, उंचावर बांधायचा कमरेचा पट्टा शंभर किलोच पेलतो. थंडीत शटडाऊन आहे, कारखाना बंद ठेवून दुरुस्ती. त्याच्या आत शंभराखाली आलो नाय, तर वर सोडणार नाय. मग काय, घरचं तिकीट."

"अरे, एवढंच ना? भात बंद. खुबूसच्या रोट्या बंद. बटाटा, साबुदाणा, साखर, सगळं बंद. अंडी खा, मासे खा. बघ माझ्याकडे!" असं म्हणून त्यांनी मला पलंगाखालून काढलं आणि पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं. "हा घे, लकी काटा आहे."

जयराम दारात घुटमळला. "साहेब, माझी साखरेची गोळी चालू आहे. तिचं काय?"

मित्रांनो, मी पिशवीत होतो. मी ऐकलं. सुहासिनीबाई स्वयंपाकघरात मोदक उकडत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. हॉलमध्ये मंडळाचे चार लोक बसले होते. जयप्रकाशांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"गोळी सोडायची नाही," ते म्हणाले. "डॉक्टरने दिली तशीच घ्यायची."

वाक्यात चूक काढता येणार नाही. पण 'डॉक्टरला विचार, माझीही अर्धी केली' एवढं त्यांनी सांगितलं नाही. चार लोकांना कळलं असतं म्हणून सांगितलं नाही.

जयरामच्या खोलीत मी दाराशी राहू लागलो. त्याच्या बाजूच्या खाटेवर त्याच्याच गावचा रितेश, पलीकडे कंपनीची गाडी चालवणारा नझीर. पहिल्याच आठवड्यात आकडा झरझर उतरला. त्यात बरंचसं पाणी होतं. भात-खुबूस तोडला की शरीर आधी पाणी सोडतं. पण तबकडीवर पाणी वेगळं दिसत नाही.

"मेल्या, बायल वळखूची नाय तुका!" रितेश म्हणाला.

"गप रव. अजून उतरूचा असा," जयराम हसला.

मग त्याचे हात थरथरू लागले. थंडीतही अंगाला दरदरून घाम सुटे. एकदा नझीरने त्याला पकडून बसवलं. "हाथ काँप रहा है तेरा. खजूर खा." जयरामने एक खजूर खाल्ला, मग आणखी दोन. थरथर थांबली. थांबली, हे तिघांनीही पाहिलं. पण जयराम रितेशला म्हणाला, "खजूर खाल्लंय रे, पथ्य मोडला." आणि दुसऱ्या दिवशी त्याने सकाळचं अंडंही कमी केलं.

कंपनीच्या दवाखान्यात त्याला दर महिन्याला गोळ्या मिळत. तिथे कोणी विचारलं नाही की, बाबा, तू जेवतोस काय? वजन घटलेलं पाहून शाबासकी मात्र दिली.

शटडाऊन तोंडावर आलं. मजीद ज्या सकाळी वजन घेणार होता, तिच्या आदल्याच दिवशी संकष्टी आली. जयरामची संकष्टी कधी चुकली नव्हती. एरवी तो दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खायचा, त्यामुळे गोळीला पोटात आधार असायचा. आता साबुदाणा आणि रताळी पथ्यात बसत नव्हती. अंडी आणि मासे उपासात बसत नव्हते. दोन नियमांच्या मधे उरले मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा. सकाळची गोळी मात्र त्याने अख्खी घेतली. साहेबांनी बजावलं होतं ना.

कामावरून आल्यावर तो नीट बोलत नव्हता. "उपास लागलो दिसता," रितेश म्हणाला. "चंद्र उगवलो की जेव." जयराम तसाच माझ्यावर चढला.

"नव्व्याण्णव!" रितेश ओरडला. "जितलंस रे!"

आणि जयराम पडला. नझीरने त्याला खांद्यावर टाकून गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं.

निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे इस्पितळात न्यायला जयप्रकाश आणि सुहासिनीबाई आले. रितेशने सगळं सांगितलं. सुहासिनीबाई नवऱ्याकडे वळल्या.

"तुमची गोळी अर्धी केली होती, ते सांगितलंत ना जयरामला?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"मग पथ्य कशाला सांगत होतात? वजनकाटा कशाला दिलात?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

जयप्रकाशांनी माझ्याकडे पाहिलं आणि रितेशला म्हणाले, "तो काटा आधी बाहेर टाका." म्हणजे गुन्हेगार सापडला. त्या पडण्याने माझी स्प्रिंग वाकली होतीच. रितेशने मला उचललं आणि नझीर मला इथे अशरफ नावाच्या भंगारवाल्याकडे सोडून गेला.

मित्रांनो, भात सोडायचा तर खुशाल सोडा. पण अंगात गोळी जात असेल, तर भात सोडण्याआधी डॉक्टरांकडे जा, आणि काय खाता ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. स्वतःला गुण आला म्हणून दुसऱ्याला पथ्य सांगणार असाल, तर लाज गुंडाळून सगळं सांगा. अर्धं सांगणार असाल, तर तोंड उघडू नका. आणि माझ्यासारख्याला डॉक्टर समजू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाचं आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाचं वजन मला सारखंच दिसतं.

काल नझीर तांब्याची तार विकायला आला होता. अशरफने जयरामची चौकशी केली. जयराम शुद्धीवर आहे, गोळी बदलली आहे, दोन्ही वेळ थोडा भात खातो. वजन शंभराच्या आत आहे. मनगट प्लास्टरमध्ये आहे. हाड जुळेल, पण परांचीचा पाइप धरण्याइतकी पकड येईल की नाही, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. शटडाऊन शनिवारी सुरू झालं. मजीदने जयरामच्या वर चढण्याच्या परवानगीच्या कागदावर अजून सही केलेली नाही, आणि तो फाडलेलाही नाही.