लहानीच्या विळ्यातला अणू

मी एक जुना लोखंडाचा अणू आहे. आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सिद्धगडाच्या पायथ्याशी मी लहानीच्या विळ्यात राहत होतो. तिच्या मुठीत मी वर्षानुवर्षं भात कापला. विळा मोडला, तेव्हा त्याचं टोक तिने लेकीच्या, स्नेहलच्या, पाळण्याखाली ठेवलं. लोखंड जवळ असलं की बाळाला नजर लागत नाही, अशी आमच्याकडची रीत. पुढे स्नेहल मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधनाला निघाली, तेव्हा तेच टोक पिशवीत टाकून लहानी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो जवळ. मी काय तिथं येनार नाय."

स्नेहलचं काम शिशावर होतं. शिसं अतिशय थंड केलं की त्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात आणि वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. एकदा शिशावर काळपट थर चढला होता. घरी कढईची खरपूड काढायची सवय, तिने तो आमच्याच टोकाने खरवडला. मी आणि माझे काही भाऊबंद शिशात शिरलो. मी जन्माचा चुंबक. जोडीतला एक इलेक्ट्रॉन मी एका बाजूला ओढतो, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि माझ्याभोवतीची जोडी तुटते. हा माझा स्वभाव आहे, गुन्हा नाही.

"घाण शिरली आहे यात," तिचे सर म्हणाले. वर्षभराची मेहनत वाया गेली, असं स्नेहलला वाटलं. तिने विळ्याचं टोक कचऱ्यात फेकलं. लहानीचं टोक, कचऱ्यात! संध्याकाळी आईचा फोन आला. "टोक हाय ना जवळ?"

"हाय गो आये," स्नेहल म्हणाली.

मग सरांनी तोच नमुना बारीक सुईच्या यंत्राखाली ठेवला. माझ्याभोवती जोडी नेमकी कुठे तुटते, ते पडद्यावर लख्ख दिसलं. सरांचा सूर लगेच बदलला. "वा! याच लोखंडाचा आणखी एक नमुना करा." काल घाण होतो, आज वा! मला त्या कौतुकाचा संताप आला.

स्नेहलने कचऱ्याचा डबा पाहिला. तो रिकामा होता. तिने घरी फोन लावला.

"आये, त्या मोडक्या विळ्याचं उरलेलं थोडं लोखंड धाडशील?"

"आनी पयलं कुठं गेलं?"

मित्रांनो, कोणाला घाण म्हणण्याआधी त्याला एकदा नीट बघा. लहानी फोन कानाला लावून बसली आहे, आणि स्नेहल तो रिकामा डबा हातात घेऊन उभी आहे.