ताडपत्री आणि गाठ

नवी लोखंडी शेगडी बसवली त्याच दिवशी धाकट्याने थोरल्या भावाला फोनवर ऐकवलं होतं, "या थंडीत आई माझ्याकडेच राहणार. तुझ्या घरात तिची हाडं गोठतात."

लाकडं त्याने उन्हाळ्यातच आणून, फोडून परसात रचली होती. वर ताडपत्री टाकून ती चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली आणि दोरीने करकचून आवळली. बायको म्हणाली होती, "अहो, बाजू तरी उघड्या ठेवा. वारा नको का लागायला?"

"तू तुझं काम बघ."

आता आई येऊन बसली होती आणि शेगडीतलं लाकूड सूं सूं करत टोकांतून फेस काढत होतं. शेगडीच्या दाराची काच काळीठिक्कर पडली होती. ऊब नावालाच, धूर मात्र खोलीभर. आई शालीत तोंड खुपसून खोकायची आणि वर म्हणायची, "छान गरम आहे हो." त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी थोरला आला. दारातच त्याने नाक धरलं. "काय रे, आईला धुरी देतोयस? डास समजलास की काय तिला?"

धाकट्याच्या तोंडून सटकन निघून गेलं, "हिनेच ओली लाकडं आणली आणि झाकलीही हिनेच."

असल्या पुरुषांना भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी आधी बायको दिसते. ती चहा ओतत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिलं नाही.

थोरला परसात गेला. धाकटा मागोमाग. थोरल्याने दोरीचं एक टोक सोडून ताडपत्री उचलली, तर आतून पाणी टपटपलं. सालींवर पांढरी बुरशी, कुबट वास.

"अरे गाढवा, वाळत घातलंयस की मुरत?" तो हसला. मग दुसऱ्या टोकाची न सोडलेली गाठ त्याने बोटांनी चाचपली. "ही बाबांची गाठ. आपल्या दोघांशिवाय कुणाला येते रे?"

खिडकी उघडीच होती. आत सगळं ऐकू गेलं होतं.

आई थोरल्याबरोबर निघाली. धाकट्याने तिची पिशवी गाडीत ठेवली. "लाकूड वाळलं की ये न्यायला," ती खोकत म्हणाली, "आणि तिला घेऊन ये. एकटा येऊ नकोस."

गाडी गेल्यावर तो परसात ताडपत्री गुंडाळत बसला. माफीचे शब्द जुळवत होता, एकही धड जुळेना. खिडकीतून बायको म्हणाली, "वरून झाका. बाजू उघड्या ठेवा."

एवढंच. तीही ओरडली नाही.